शब्दचर्चा : 'आघाड्या : ३' म्हणजे नक्की काय?

कातळसडा
यंदा देवगडच्या बागेतला थोडा माल वाशीला न धाडता थेट गिऱ्हाइकाला द्यायचं ठरवलं आणि फोनवरून आयुष्यातली पहिली जाहिरात टाकली. पडदा मराठीत लावलेला. दुसऱ्या दिवशी त्यावर आलं, 'आघाड्या : ३'. महाराष्ट्रात असं वाचल्यावर माणूस आधी टीव्ही लावतो. मग उलगडलं की हे 'लीड्स'. तिघांनी आपले नंबर दिले होते. त्याखाली 'सेंद्रिय पोहोच : २१२'. बाबांनी ते वाचलं मात्र, "अरे, आपण फवारणी करतो. सेंद्रिय कशाला लिहिलंस? कोणीतरी पकडील."

तर या शब्दांना धड मराठीत काय म्हणावं? सोवळं पाळायचं नाही. क्लिकला क्लिकच म्हणू, जाहिरातीला मोहीम म्हणा नाहीतर कॅम्पेन. माझी कसोटी एवढीच, की शब्द ऐकल्यावर आकडा कशाचा आहे ते कळलं पाहिजे. सुरुवात मी करतो : लीड म्हणजे चौकशी, ऑरगॅनिक म्हणजे आपसूक.

खाडीपल्याड
'आपसूक' झकास. पैसे न मोजता जे लोक येतात ते आपसूक आले, पैसे मोजून आणले ते आणलेले. यापेक्षा वेगळा अर्थ त्यात नाहीच.

'चौकशी'ला माझी अर्धी हरकत. महामार्गावर गाडी थांबवून काच खाली करून "कशी दिली पेटी?" विचारतात आणि निघून जातात, ती चौकशीच. पण त्यांना तुम्ही पुन्हा गाठू शकत नाही. लीड म्हणजे जो नाव-नंबर ठेवून गेला तो. म्हणून 'नोंदलेली चौकशी' म्हणा. लांब आहे, पण खरं आहे.

तांडेल
माका एक सांगा. भाचो म्हणता, मामा, आपली जाहिरात पाच हजारांनी बघल्यानी. पाच हजारांनी बघल्यानी तर फोन दोघांचोच कसो इलो?

खाडीपल्याड
तांडेल, कारण पाच हजारांनी बघितलीच नाही. भाच्याने 'इम्प्रेशन' वाचलं असणार. कोशात त्याला ठसा, छाप असे अर्थ सापडतील आणि वाटेल की लोकांवर छाप पडली. इथे कुणावर काही पडलेलं नसतं. जाहिरात पडद्यावर एकदा आली की एक इम्प्रेशन, बघणाऱ्याने अंगठ्याने वर ढकलली तरीही. 'रीच' म्हणजे ती किती वेगवेगळ्या माणसांपुढे आली. एकच चाकरमानी दिवसातून तीनदा फोन उघडतो आणि तीनदा ती समोर येते, तर रीच एक आणि इम्प्रेशन तीन. म्हणून मी इम्प्रेशनला 'झळक' म्हणतो आणि रीचला 'माणसं'. पाच हजार झळकी आणि कदाचित दीड हजार माणसं, असं भाच्याने सांगितलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

आता पैशाचं. समजा ६०० रुपये घातले, ५,००० झळकी मिळाल्या, १०० जणांनी क्लिक केलं, ४ जणांनी पेटी घेतली. क्लिकचं प्रमाण, म्हणजे सीटीआर, २ टक्के. एका क्लिकला ६ रुपये, हा सीपीसी. एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च १५० रुपये. आणि हजार झळकींना १२० रुपये, हा सीपीएम. त्यातल्या 'एम'ला भलेभले मिलियन समजतात. तो लॅटिन 'मिले', म्हणजे हजार. रोमन अंकांतला एम तोच. नारळ शेकड्यावर विकणाऱ्या मुलखाला हे समजवायला लागू नये. सरळ 'दरहजारी' म्हणावं.

या चारांत बागायतदाराने रोज बघायचा आकडा एकच, पेटीमागचे १५०. बाकीचे विकणाऱ्याला नाहीत, जाहिरातवाल्याला आवडतात. (मी स्वतः जाहिरातवालाच आहे, त्यामुळे हे जपून वापरा.)

वेंगुर्लेकरीण
बोली लावणं म्हणतात ते काय असतं? आमच्या होमस्टेच्या जाहिरातीत विचारतात, 'कमाल बोली'.

तांडेल
ता माका कळता! मिरकरवाड्याच्या बंदरावर टोपली मांडतत आणि बोली लावतत. चढी बोली त्याची टोपली.

खाडीपल्याड
बरोबर, फक्त दोन फरक आहेत. ते सांगण्याआधी थोडा इतिहास. १९९४ च्या ऑक्टोबरात हॉटवायर्ड या संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती लागल्या, तेव्हा वर्तमानपत्रासारखी जागाच विकली जात होती. लोक जे शब्द शोधतात त्यांचा लिलाव १९९८ साली गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने सुरू केला. कुणी तो शब्द शोधला आणि तुमच्या दुव्यावर क्लिक केलं तरच पैसे. गूगलने २००० साली अ‍ॅडवर्ड्स ही आपली जाहिरातसेवा आणली ती दरहजारीवर. क्लिकचा लिलाव तिथे २००२ मध्ये आला. त्यात पहिला फरक असा, की नुसती चढी बोली पुरत नाही. लोक जाहिरातीवर क्लिक करण्याची शक्यता किती, तिचा मजकूर शोधाला धरून आहे का, हेही बघतात. बंदरावर असं कोणी बघत नाही, तिथे रोकड बघतात. दुसरा फरक, आपण एका क्लिकला कमाल २० रुपये सांगितले तरी २० च जातील असं नाही. खालच्याला मागे टाकायला लागतील तेवढेच जातात. म्हणून 'कमाल'.

तेव्हा बोली हा शब्द तसाच ठेवा. 'बिडिंग' म्हणायचं काहीच कारण नाही.

मोहोर
मला 'फनेल'बद्दल बोलायचंय, म्हणजे जाहिरात दिसण्यापासून पेटी विकली जाईपर्यंतचे टप्पे. पुस्तकी मराठीत 'विक्री नरसाळे' करतात. नरसाळ्यात जेवढं तेल ओतलं तेवढं खालून येतं, नाहीतर नरसाळं फुटकं. विक्रीत वरून हजार ओततात आणि खाली चार निघतात. इंग्रजीतली उपमाच लंगडी आहे, ती आपण का उचलायची?

आमच्याकडे याहून नेमकी गोष्ट दर वर्षी डोळ्यांपुढे घडते. मोहोराला फुलं येतात अगणित. त्यातली बरीचशी नर फुलं, त्यांना फळ धरायचंच नाही. धरलेल्यांतून कणी होते, मग वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, अंड्याएवढी. प्रत्येक टप्प्याला गळ आहे, आणि प्रत्येक गळीचं कारण वेगळं. मोहोरावर तुडतुडा पडला तर त्याचं औषध वेगळं, सुपारीएवढ्या कैऱ्या उन्हाने गळल्या तर त्याचा उपाय वेगळा. नुसतं 'यंदा पीक कमी' म्हणणारा बागायतदार काही शिकत नाही. कुठल्या टप्प्यावर गळलं ते सांगणारा शिकतो. फनेल बघतात ते यासाठीच. झळकी भरपूर पण क्लिक नाहीत, तर दोष जाहिरातीत नाहीतर ती चुकीच्या लोकांपुढे गेली. क्लिक भरपूर पण नंबर कोणी देत नाही, तर दोष पानात. नंबर आले पण पेटी गेली नाही, तर दोष भावात किंवा फोन उशिरा करण्यात. म्हणून माझा शब्द 'गळ', आणि टप्प्यागणिक तो जोडायचा : क्लिकची गळ, चौकशीची गळ.

आणि साका विसरू नका. फळ वरून सोन्यासारखं, कापल्यावर आत पांढरट. पेटी पोचल्यावर जो पैसे परत मागतो त्याला मी साकाच म्हणतो. ही गळ फनेलच्या चित्रात बहुधा दाखवतच नाहीत.

कातळसडा
दंडवत. वहीत उतरवून घेतलं.

वेंगुर्लेकरीण
'बाउन्स रेट'ला काय म्हणू? मला चेक परत आल्यासारखं वाटतं.

खाडीपल्याड
ईमेलच्या बाबतीत तसंच, पत्ता चुकला म्हणून परत आलेली मनीऑर्डर. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र पाहुणा आला आणि उंबऱ्यावरून फिरला तो. गूगलच्या सध्याच्या हिशोबात जो दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा ज्याने दुसरं पान उघडलं, किंवा ठरवलेली कृती केली, तो आत आला असं धरतात, उरलेले बाउन्स. 'उंबऱ्यावरून परत' म्हणा.

अ‍ॅफिलिएट म्हणजे स्टेशनवरचा रिक्षावाला, जो पाहुणा तुमच्या होमस्टेला आणून कमिशन घेतो. अ‍ॅमेझॉनने १९९६ पासून हेच केलं, फक्त 'हा माझाच पाहुणा' याचा पुरावा दुव्यात असतो, त्यामुळे भांडण होत नाही. लँडिंग पेजला मी 'धक्का' सुचवतो, भाऊचा धक्का या अर्थी. क्लिक करून माणूस जिथे उतरतो ते पान.

मोहोर
धक्का नको. जाहिरातीत 'देवगड हापूस' आणि उतरल्यावर लोणचं, काजूगर, कोकम सगळं एकदम समोर, तेव्हा मला खरोखर धक्का बसतो. 'उतरायचं पान' पुरे.

तांडेल
आणि ह्या कीवर्डाचा काय? आमी हापूस म्हणतव, तुमी आल्फान्सो कित्याक लिवतात?

खाडीपल्याड
कारण गिऱ्हाईक तसं शोधतं. कीवर्ड म्हणजे आपण मालाला काय म्हणतो ते नाही, घेणारा काय टाइप करतो ते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'अल्फान्सो' या नावाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे त्यात. पानावर दोन्ही नावं ठेवावीत. 'शोधशब्द' चालेल, पण तो कोणाचा शोध हे विसरू नये.

कातळसडा
शेवटचं एक. पानावरच्या बटणावर 'आत्ताच खरेदी करा' लिहून आलंय. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. 'पेटी सांगून ठेवा' करतोय.

वेंगुर्लेकरीण
किती गोड! मीही 'खोली सांगून ठेवा' करते.

मोहोर
थांबा. 'सांगून ठेवा' म्हटलं की माझा मुंबईचा मामा मार्चमध्ये चार पेट्या सांगतो आणि मेमध्ये "यंदा राहू दे" म्हणतो. म्हणजे त्या बटणाने मिळते ती नोंदलेली चौकशी. विक्री म्हणून मोजलीत तर पेटीमागचे १५० खोटे ठरतील.

कातळसडा
हे खरंच. मग बटणं दोन करतो. 'पेटी सांगून ठेवा', याचे आकडे चौकशीत. 'पैसे भरून पेटी नोंदवा', याचे विक्रीत. आणि दिवसातली पहिली अशी नोंद आली की वहीत 'भवानी' लिहायचं, ते आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय.