कार्चरची पद्धत आणि आपला काळा कातळ

मालवणकर: अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कार्चरने 1921 मध्ये ओक्लाहोमात परावर्तित लहरींनी खडकांचे थर मोजले. तीच पद्धत कोकणातल्या कातळाखाली का अडखळते?

जांभा: पहिल्या महायुद्धात तो आवाजावरून शत्रूच्या तोफा हुडकण्याच्या कामात होता, बीज तिथलंच. सुरुंग उडवायचा, जिओफोनवर, म्हणजे जमिनीतली कंपनं पकडणाऱ्या उपकरणावर, प्रतिध्वनी टिपायचा. जाऊन-येऊन 2 सेकंद आणि वेग सेकंदाला 3000 मीटर, तर थर 3000 मीटर खोल. वेगाचा अंदाज चुकला की खोलीही चुकली!

भाट्ये: आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. त्यात लहरींचा वेग सेकंदाला साधारण 5000 मीटर. बरीच ऊर्जा माथ्यावरूनच परतते, उरलेली लाव्ह्याच्या थराथरांत विखुरते. कमी वारंवारतेच्या लहरी वापरा, जिओफोन लांबवर पसरा, मग खालचं थोडं उमगतं. मुंबई हायला 1974 मध्ये तेल लागलं ते बेसॉल्टच्या वरच्या चुनखडीत, तिथे ही अडचण नव्हती.