शब्दचर्चा: ‘वसाहतीतील सत्तांतर’ असं मंत्र्यांना लिहावं का?

दांडियाबाजार: बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका मंत्र्यांकडून लेख मागवायचाय, विषय म्हणजे दमणमधली पोर्तुगीज राजवट जाऊन पुढचा कारभार कसा बसला ते. मसुदा असा झालाय, “माननीय मंत्रीश्री, वसाहतीतील राजकीय सत्तांतरावर आपण लेख लिहून द्यावा.” सत्तांतर ठेवू की सत्ताहस्तांतर?

रावपुरा: अहो, आधी हे वाक्य बडोदेकराच्या कानाने ऐका! वसाहत म्हटलं की इथे सोसायटी नाहीतर जीआयडीसीची औद्योगिक वसाहत, मंत्रीश्री म्हणजे गुजरातीत सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा, आणि सत्तांतर म्हणजे कमिटी बदलली. पार्किंगवर लेख येईल.

मांडवी: सत्तांतर नकोच. पेपरात एक पक्ष जाऊन दुसरा आला की तो शब्द येतो, मंत्री आपल्याच पक्षाचा विजय लिहून पाठवतील. सत्ताहस्तांतर म्हटलं की देणाराही हवा ना, ते पाँडिचेरीला शोभतं, फ्रेंचांनी करार करून १ नोव्हेंबर १९५४ला कारभार सोपवला, कायदेशीर हस्तांतर तर १९६२मध्ये झालं. दमणला कुणी काही सोपवलं नाही, डिसेंबर १९६१मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीने ते लढून घेतलं आणि पोर्तुगालने मान्य करायला १९७४ उजाडलं, तेही लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. आणि गंमत म्हणजे १९५१पासून पोर्तुगाल वसाहत म्हणायलाच तयार नव्हतं, आमचे समुद्रापारचे प्रांत म्हणायचं! म्हणून दमणमुक्ती लिहा.

दांडियाबाजार: मुक्ती लिहिलं की सगळा लेख लढाईवर जाईल हो, मला नंतरचं हवंय. विलीनीकरण?

मांडवी: बडोद्यात विलीनीकरण म्हणजे १ मे १९४९, संस्थान मुंबई राज्यात गेलं ते. ती वसाहत नव्हती, उगाच गल्लत होईल. दादरा-नगर हवेलीला मात्र दोन्ही शब्द लागतात, १९५४ला मुक्ती आणि १९६१ला विलीनीकरण, मधे वरिष्ठ पंचायत नावाच्या स्थानिक मंडळाचा कारभार. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान केलं होतं! मंत्र्यांना खरं तर हेच लिहायला सांगा, दमणपेक्षा रंगेल.

रावपुरा: विषय आता बदलू नका, अंक दिवाळीचा आहे, होळीला नाही काढायचा. नाम शोधत बसण्यापेक्षा सरळ वाक्य करा, “माननीय मंत्रिमहोदय, पोर्तुगीज राजवट संपल्यावर १९६१ ते १९८७ या काळात दमणचा कारभार कसा बदलत गेला, याविषयी आपण लेख द्यावा ही विनंती.” १९८७ अशासाठी की तोवर गोवा, दमण, दीव एकच केंद्रशासित प्रदेश होता, मग गोव्याचं राज्य झालं. आणि ‘लिहून द्यावा’ काढा, ते कबुलीजबाब मागितल्यासारखं वाटतं.

दांडियाबाजार: हे पटलं, असंच पाठवतो. शब्दमर्यादा पत्रातच टाकू ना?

रावपुरा: टाकाच, नाहीतर पीए जुनं भाषण चिकटवून देतो.