सुट्टीत काय केलं ते तीन ओळींत लिहा म्हणे!

खणभागचा कारकून (रात्री ९.१०)

परवा ‘अजिंक्यताऱ्याखालचा’ यांनी इथं लिहिलेलं वाचलं असेलच. साताऱ्याहून बदलून सांगलीत आले आणि ऑफिसात नवी रीत पाडली. मे संपायच्या आत प्रत्येकानं ग्रुपवर तीन ओळी टाकायच्या. सुट्टीत काय केलं, घरच्यांबरोबरचा एक क्षण, आणि काय पाहिलं-वाचलं ते बाकीच्यांना सुचवायचं. ‘माणसं जवळ येतात, सगळ्या ऑफिसांनी हे करावं’ असा समारोप. खाली बदामांचा पाऊस. वळवानं दडी मारली, पण बदाम पडले.

त्याच रात्री उत्तर देणार होतो, पण राग आला की माझं शुद्धलेखन बिघडतं. म्हणून आज.

ही साथ कुपवाडला आमच्याही ऑफिसात पोचलीय. पहिला मेसेज साहेबांचा, मनालीचा. चौघंही बर्फात, चौघांचेही गॉगल सारखे. मग गोवा, मग परत गोवा. मग महाबळेश्वर. पसरणी घाटात तीन तास गाडी हलली नाही ते लिहिलं नाही, भाजलेलं कणीस तेवढं लिहिलं. शिफारशींमध्ये सगळ्यांची मिळून एकच कोरियन मालिका, तीसुद्धा दीडपट वेगानं पाहिलेली. आमच्या शिपाईमामांनी सरळ मनानं लिहिलं, ‘गावच्या जत्रेत तमाशा बघितला, लई वर्षांनी. वग संपेस्तोवर बसलो.’ त्याखाली तीन हसणारी तोंडं! काळू-बाळूंचं कवलापूर इथून हाकेवर, आणि ही पोरं तमाशाला हसतात. वर जिल्ह्याला नाट्यपंढरी म्हणायचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते ह्यांच्यासाठी होय?

माझ्या नावापुढं अजून कोरं आहे. आज मॅडमनी टाकलं, ‘काका, तुमचं राहिलंय हं.’ राहिलंय म्हणजे? लाइट बिल आहे का ते? रजेच्या अर्जात कारण लिहितो तेवढं बास. रजेत मला काय वाटलं ते पण आवक-जावकला लावायचं का आता?

अजिंक्यताऱ्याखालचा (९.३५)

काका, आधी नमस्कार. आमच्याकडं सक्ती नाही, हे मी लिहिलं होतं, तुम्ही ते गाळलंत.

आणि एक ऐका. आमच्या स्टोअरला एक गृहस्थ आहेत. मी आल्यापासून ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चलन कुठाय’ याच्यापलीकडं त्यांचा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘पोरीला कृष्णेत पोहायला शिकवलं. सरकारी घाटाला, पाठीला वाळका भोपळा बांधून, माझ्या वडिलांनी मला शिकवलं तसं. सहाव्या दिवशी भोपळा सोडला, तिला कळलंच नाही.’ बास एवढंच. आता ऑफिसातल्या सहा जणांची पोरं रविवारी त्यांच्याकडं असतात. तो माणूस डबा खायला आमच्यात बसायला लागला. हे वाईट झालं का?

पलूसकडचा पाहुणा (९.४१)

सहा पोरं? कृष्णेत? मे महिन्यात? आवो साहेब, तुम्ही साताऱ्याचे, तुमच्याकडं नदी म्हणजे दगडातलं पाणी. इकडं सुसरी हायत सुसरी!

आमच्या मेहुण्याचं रान नदीला लागून. थ्री फेज लाइट आठवडाभर रात्रीची असती, तेव्हा मोटार चालू करायला अकराला खाली उतरला. पायाखाली बघायला म्हणून बॅटरी मारली, तर फुटबॉलजवळ, म्हंजे मोटारीच्या पाइपचं पाण्यातलं टोक, तिथं पाण्यावर दोन निखारे. हलेना की विझेना. हा तसाच पाठीनं मागं मागं सरकत बांधावर आला. चप्पल तिथंच. ऊस वाळू दे म्हणाला, सकाळशिवाय उतरत न्हाई. तुम्ही तिथं पोरं सोडताय भोपळा बांधून. टोपलीत नैवेद्य ठेवल्यागत!

पेठभागातला पक्षीवाला (९.५८)

सुसर नव्हे, मगर. किती वेळा सांगायचं? सुसर लांब, निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी. ती चंबळ-गंगेकडं. कृष्णेत आहे ती मगर. अख्खा जिल्हा सुसर म्हणतो म्हणून तिचं तोंड निमुळतं होत नाही.

दुसरं. मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते. दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात, ती तोंडात धरून पाण्यात सोडते. तोवर घरट्याभोवतीच असते. म्हणजे तुम्ही मेअखेरीस नदीत उतरता ते नेमकं तिच्या बाळंतपणात. त्यात पाणी खाली गेलेलं, वाळू उपसून काठ ओरबाडलेले. तिनं जायचं कुठं? पण ‘वाळू’ म्हटलं की सगळ्यांना अचानक झोप येते.

माईघाट (१०.०४)

झाली सुरुवात. आम्ही चार पिढ्या कृष्णेत पोहतोय. आमच्या बापानं आम्हाला पुलावरून ढकलून शिकवलंय. २००५ चा पूर बघितला, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी गेलं तेही बघितलं, नदी काय आम्हाला तुम्ही शिकवणार? क्लोरीनच्या टाकीत पैसे भरून पोहणाऱ्यांनी बोलू नये.

पलूसकडचा पाहुणा (१०.०७)

आयर्विनवरून ढकललं? मग हे लिहिणारं कोण, भूत?

माईघाट (१०.११)

पुलावरून म्हणजे पुलाखालच्या बाजूच्या कठड्यावरून. शब्दात पकडू नका.

पलूसकडचा पाहुणा (१०.१२)

कठडा! उद्या घाटाची पायरी म्हणशीला. आमच्या शेजारच्या गावात पोरगं गेलंय, हसण्यावारी नेऊ नका. त्याची आय अजून नदीकडं तोंड करून धुणं धूत न्हाई.

माईघाट (१०.१९)

ते वाईटच. त्यावर मी काही बोलत नाही. पण ते डोहातलं, शहरातल्या घाटावर वर्दळ असते. आणि दोन दिवसांनी नदी बंदच करा म्हणाल.

पेठभागातला पक्षीवाला (१०.२२)

वर्दळ असली की मगर येत नाही, हे तिला कोणी कळवलंय का?

जतची लेक (१०.३०)

तुमच्या भांडणात निदान नदी तरी आहे, नशीबवान आहात. आमच्याकडं पोहायला शिकायचं म्हणजे शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर घसरायचं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. साडेतीनशे किलोमीटर लांब! वाघिणींना हार घातलेले मी टीव्हीवर बघितले, आणि टीव्ही बंद करून टँकरच्या रांगेत कळशी लावायला गेले. जत मिरजेपासून शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

आता माझं ऑफिस मिरजेत. ‘घरच्यांबरोबरचा एक क्षण’ लिहायचा म्हणून बसले. आईकडं गेले होते चार दिवस. लांबून टँकरचा हॉर्न वाजला की ती ओट्यावरून सांगते, आज कुठला ड्रायव्हर आहे. ‘हा म्हातारा आहे, थांबतो. तो नवा आला की पळत जायचं.’ चार दिवसांत एकदाही चुकली नाही. हा लिहू क्षण? मनालीच्या खाली?

मिरज मार्केट (१०.३८)

म्हणजे लातूरला पाणी दिलं ते चुकलं का? तिथं प्यायला नव्हतं.

जतची लेक (१०.४०)

चुकलं म्हटलं का मी? परत वाचा. म्हैसाळ योजनेचं पाणी काही गावांना आलं, तेही मान्य आहे. आमच्या वस्तीवर अजून टँकर आहे, एवढंच म्हणतेय. मिरजेच्या माणसाला हे एका वाचनात कळत नाही, दोनदा वाचावं लागतं.

अजिंक्यताऱ्याखालचा (१०.४६)

ताई, तुम्ही हेच लिहायला हवं. मनालीच्या खाली नाही, वर.

खणभागचा कारकून (१०.५२)

बघा, हेच म्हणतोय मी! तिनं ते लिहायचं, साहेबांनी त्याला हात जोडलेलं चित्र टाकायचं, आणि पंधरा सेकंदांनी खाली कुणीतरी पॅनकार्ड लिंक करायची सूचना टाकायची. आईचं ते ऐकणं तिथं टाकायची वस्तू आहे का?

(आणि माझ्या धाग्यावर मगरी कुणी सोडल्या?)

विश्रामबागची वहिनी (११.०३)

सगळं वाचलं. पुरुष मंडळींना ‘खासगी’ म्हणून लपवायला सुट्टी तरी मिळते. मी लिहिलं होतं आमच्या ग्रुपवर, मला कुणी विचारायच्या आधी.

अकरा किलो मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी भडक्याला. उन्हात वाळवायची, देठं खुडायची, कांदा-लसूण-खोबरं वेगळं भाजायचं. मिरची कुटायच्या डंकावर सकाळी सहाला नंबर लावला, अकराला लागला. तिथं बायका पदर नाकाला लावून शिंकतात आणि शिंकता शिंकता सुनांची चौकशी करतात. रात्री बोटं नुसती पेटलेली. दही लावलं, तेल लावलं, काही नाही. एक वाजता धाकटा झोपेत कुशीत आला, मी सवयीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि जो काय त्यानं डोळ्याला हात लावून आकांत केला! सगळी बिल्डिंग उठली. सासरे काठी घेऊन बाहेर, चोर आला म्हणून.

हे सगळं लिहिलं. शिफारशीच्या जागी लिहिलं, ‘देठं खुडताना हातमोजे घाला.’

साहेबांनी ‘छान’ एवढंच टाकलं. मला वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, तुमचा डंक कुठला? आमच्या घरी नंबरच लागेना.’ सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या कामाचं काही विचारलं. मार्च एंडला पण विचारत नाहीत.

तमाशाचं म्हणाल तर मामांना हसले ते चूकच. पण काका, तुम्ही त्या तीन तोंडांच्या खाली काही लिहिलंत का? की घरी येऊन आम्हालाच भाव्यांचं साल सांगितलंत?

खणभागचा कारकून (११.१५)

नाही लिहिलं. हं. हे लागलं.

पलूसकडचा पाहुणा (११.१६)

वहिनी, डंक कुठला ते सांगितलंच न्हाई तुम्ही.

अजिंक्यताऱ्याखालचा (११.२०)

मीही एक मान्य करतो. मनालीवाल्याला पहिला नंबर द्यायचा नाही. साहेबानं बर्फ टाकला की खालच्यांचं बोट थिजतं. पुढच्या वर्षी शिपायापासून सुरुवात. आणि स्टोअरच्या त्यांना पोरं नदीऐवजी तलावावर न्या म्हणून सांगतो उद्या. ऐकतील असं वाटत नाही.

माईघाट (११.२२)

ऐकणार नाहीत. कौतुक वाटतं त्यांचं.

पेठभागातला पक्षीवाला (११.२४)

मगरीलाही वाटत असेल.

जतची लेक (११.२९)

काका, तुमचा क्षण काय होता? सगळ्यांचे काढून घेतलेत.

खणभागचा कारकून (११.४८)

मनाली नाही आणि गोवाही नाही. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दहा दिवस रजा. एक बाटली दर दोन तासांनी, दुसरी दिवसातून चारदा, दोन थेंबांमध्ये दहा मिनिटं सोडायची. भिंतीवर वहीचा कागद चिकटवून तक्ता केला, कारकूनच मी. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘तू थेंब घालताना तोंड उघडं ठेवतोस, लहानपणी मी तुला औषध पाजताना ठेवायचो तसं.’ मला माहीत नव्हतं.

पण तो काही क्षण नव्हे. क्षण त्याच्या आधीचा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी पहिल्यांदा समोरचं घड्याळ बघितलं, मग पंख्याची पाती मोजली, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. आणि म्हणाले, ‘लई म्हातारा दिसाय लागलास रं.’

हे मी ऑफिसात लिहिणार नाही. नाहीच.

विश्रामबागची वहिनी (११.५१)

इथं लिहिलंतच की. आम्ही एकशे चाळीस जण वाचतोय. तुमच्या ऑफिसात वीस असतील.

खणभागचा कारकून (११.५३)

इथं तुम्ही मला ओळखत नाही. उद्या चहाच्या टपरीवर कुणी ‘बाबा कसे आहेत’ म्हणून विचारणार नाही.

अजिंक्यताऱ्याखालचा (११.५४)

विचारलं तर काय बिघडलं?

खणभागचा कारकून (रात्री १२.०६)

त्याचं उत्तर उद्या देतो. मामांच्या मेसेजखाली आत्ता लिहून आलोय, ‘वग कुठला होता?’ साहेब अजून ऑनलाइन दिसतायत. बघू.

माईघाट (१२.०९)

डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि आजोबांना नदीवर आणू नका.

पलूसकडचा पाहुणा (१२.१०)

आता कसं! सुसरीचं पटलं शेवटी.

पेठभागातला पक्षीवाला (१२.११)

मगर.