'प्रोबॅब्ली' कुठे बसवायचं? विल, मे, मस्ट आणि त्यांच्या सोबतची क्रियाविशेषणं

विचारणा
आमची सोसायटी परळला आहे. पाणी बंद असण्याची सूचना बिगरमराठी रहिवाशांसाठी इंग्रजीतही लावावी लागते. 'उद्या सकाळी बहुतेक पाणी येणार नाही' एवढंच सांगायचं होतं, पण कमिटीत दोन तट पडले. सेक्रेटरींचा आग्रह 'देअर विल नॉट प्रोबॅब्ली बी वॉटर' असा, तर खजिनदार म्हणतात 'देअर प्रोबॅब्ली वोन्ट बी एनी वॉटर'. शिवाय विल, मे, मस्टबरोबर अशी क्रियाविशेषणं वापरताना ती आधी घालायची की नंतर, हे एकदा नीट कळलं तर बरं होईल.

प्रतिसाद १
खजिनदारांचं वाक्य घ्या. साधारण रीत अशी की क्रियाविशेषण पहिल्या साहाय्यकारी क्रियापदाच्या लगेच नंतर येतं: 'ही विल प्रोबॅब्ली कम', 'शी मस्ट ऑलरेडी हॅव लेफ्ट'. नकार आला की मात्र 'प्रोबॅब्ली' त्या नकाराच्या आधी येतं. म्हणून 'प्रोबॅब्ली वोन्ट', आणि लेखी इंग्रजीत 'विल प्रोबॅब्ली नॉट'सुद्धा. 'विल नॉट प्रोबॅब्ली' कानाला खटकतं. 'केअरफुली'सारखी रीत दाखवणारी क्रियाविशेषणं बहुधा शेवटी: 'यू मस्ट ड्राइव्ह केअरफुली'.

प्रतिसाद २
वरचं उत्तर बरोबर आहे, पण जागेचा प्रश्न इथे संपत नाही. 'नॉट'च्या अलीकडे की पलीकडे, यावर अर्थ फिरतो, आणि हे शाळेत कुणी सांगत नाही.

'यू सिम्पली कान्ट लीव्ह' म्हणजे तू जाऊच शकत नाहीस. 'यू कान्ट सिम्पली लीव्ह' म्हणजे तुला असं नुसतं उठून जाता येणार नाही. आधी काहीतरी आटपून, सांगून जा. पहिल्या वाक्यात 'सिम्पली' नकाराला जोर देतं, आपल्या 'च'सारखं. दुसऱ्यात ते स्वतःच नकाराच्या कक्षेत सापडतं आणि आपलं 'नुसतं' होतं. तसंच 'आय रिअली कान्ट से': मला खरंच सांगता येणार नाही. 'आय कान्ट रिअली से': तसं खात्रीनं काही सांगता येत नाही. दुसरं कितीतरी मवाळ आहे. क्लायंटला मेल लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा. 'कान्ट पॉसिब्ली'मध्ये तर 'पॉसिब्ली'चा अर्थ 'कदाचित' राहतच नाही. 'आय कान्ट पॉसिब्ली कम ऑन मंडे' म्हणजे सोमवारी येणं कोणत्याही परिस्थितीत शक्य नाही. 'कदाचित जमणार नाही' असं सांगायचं असेल तर 'आय माइट नॉट बी एबल टू कम' म्हणा.

आता आपल्या मराठीमुळे होणारी गल्लत. 'शकणे' हे एकच क्रियापद आपण दोन कामांना वापरतो. 'हिंदमाताला तासाभराच्या पावसात पाणी भरू शकतं' हा त्या जागेचा स्वभाव झाला. सखल भाग आहे, तिथे असं होतं. 'आज रात्री हिंदमाताला पाणी भरू शकतं' हा एका रात्रीपुरता अंदाज. इंग्रजीत पहिल्याला 'कॅन': 'हिंदमाता कॅन इझिली फ्लड इन ॲन अवर'. दुसऱ्याला 'मे', 'माइट' किंवा 'कुड': 'हिंदमाता मे वेल फ्लड टुनाइट', 'कुड इझिली फ्लड टुनाइट'. 'इट कॅन रेन टुमॉरो' हे मुंबईच्या ऑफिसांत रोज ऐकू येतं, पण 'उद्या पाऊस पडू शकतो'साठी 'इट माइट रेन टुमॉरो' हवं. एका ठरावीक वेळेच्या होकारार्थी अंदाजाला 'कॅन' चालत नाही. नकाराला मात्र चालतं: 'दॅट कान्ट बी ट्रू'.

विचारणा (पुढे)
'मे'मध्येच शक्यता आली. मग 'मे पॉसिब्ली' ही द्विरुक्ती नाही का? आमच्याकडे एकांनी यावर लाल रेघ मारली.

प्रतिसाद २
लाल रेघेची गरज नव्हती. जॉन लायन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ साली यावर नेमकं लिहिलं आहे. क्रियापद आणि क्रियाविशेषण खात्रीची एकच पातळी दाखवत असतील तर त्यांचा सूर जुळतो आणि दोन्ही मिळून एकच शक्यता सांगितली जाते. 'ही मे पॉसिब्ली हॅव फरगॉटन' यात शक्यता दुप्पट होत नाही. आपणही 'कदाचित तो येऊ शकेल' म्हणतोच, आणि ते कुणाला चुकीचं वाटत नाही. हं, नोटिशीत जागा कमी असेल तर एक गाळा, पण तो काटकसरीचा भाग झाला.

पातळ्या वेगळ्या असल्या की ताण पडतो. 'यू मे सर्टनली आस्क' ऐकल्यावर इंग्रज माणूस 'मे'चा शक्यतेचा अर्थ सोडून परवानगीचा घेतो: खुशाल विचारा. म्हणजे 'मे'चा कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचं क्रियाविशेषण ठरवतं.

आणि 'मस्ट प्रोबॅब्ली' टाळाच. हे आपल्या लोकांकडून फार होतं, आणि का होतं तेही दिसतं. 'बाबा बहुतेक दादरला पोहोचले असतील' या वाक्यात 'पोहोचले असतील'चं 'मस्ट हॅव रीच्ड' होतं आणि 'बहुतेक'चं 'प्रोबॅब्ली'. पण 'मस्ट' म्हणजे पुराव्यावरून काढलेला ठाम निष्कर्ष: गाडी सव्वाआठची होती, आता नऊ वाजले, तेव्हा पोहोचलेच असणार. त्याला 'बहुतेक' जोडलं की ठामपणा आपणच काढून घेतो. आपलं 'असतील' मुळात अंदाजाचं आहे, त्यामुळे 'बहुतेक' त्याला शोभतं. 'मस्ट'ला शोभत नाही. एवढी खात्री नसेल तर 'ही हॅज प्रोबॅब्ली रीच्ड दादर', बस. विल, मे, मस्टसारख्या मोडल क्रियापदाची गरजच नाही.

प्रतिसाद ३
'मेबी' आणि 'मे बी'बद्दलही लिहा ना. आमच्या क्लासच्या मुलांचा तिथे हमखास गोंधळ.

प्रतिसाद २
जोडून लिहिलेलं 'मेबी' हे क्रियाविशेषण, म्हणजे 'कदाचित'. ते बहुतेकदा वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि पुढे पूर्ण वाक्य लागतं: 'मेबी शी विल कॉल'. तोडून लिहिलेलं 'मे बी' म्हणजे क्रियापदंच: 'शी मे बी ॲट होम'. मुलांना 'मेबी'च्या जागी 'परहॅप्स' घालून पाहायला सांगा. वाक्य उभं राहिलं तर जोडून, नाहीतर तोडून.

विचारणा (पुढे)
शेवटचं एक. वर 'मे वेल' आलंय. 'माइट ॲज वेल' तेच का?

प्रतिसाद २
नाही, आणि 'वेल'चा 'चांगलं'शी दोन्हीकडे संबंध नाही. 'वी मे वेल वॉक' म्हणजे आम्ही चालत जाण्याची बरीच शक्यता आहे. 'वी माइट ॲज वेल वॉक' म्हणजे बस येत नाही, टॅक्सी थांबत नाही, याहून बरं काही हाताशी नाही, तेव्हा चालतच जाऊ या आता. यात उत्साह नसतो. म्हणून कुणी जेवायला बोलावलं तर 'आय माइट ॲज वेल कम' असं उत्तर देऊ नका. यजमानाला ते 'दुसरं काही काम नाही, तर येतो' असं ऐकू जाईल. तिथे 'आयड लव्ह टू कम' म्हणा.