शहरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांचा थकवा एकाच प्रकारचा असतो का?

प्रश्न
मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. माझ्या वर्गात शहरात वाढलेले आणि रोज खेड्यातून ये-जा करणारे, असे दोन्ही विद्यार्थी आहेत आणि सकाळच्या तासाला दोघांचीही तक्रार एकच असते, की अंगात त्राण नाही. राहणीत इतका फरक असताना थकवा सारखा कसा, आणि दोघांना एकच सल्ला द्यावा का?

पहिले उत्तर
तक्रारीचे शब्द सारखे असले, तरी कारणे सारखी असतीलच असे नाही. किशोरवयात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या मुलांना रात्री लवकर झोप न येणे हा आळस नव्हे. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप आवश्यक असते. शहरातील विद्यार्थ्याची झोप बहुधा रात्रीच्या बाजूने कमी होते. मोबाइलचा प्रकाश मेलाटोनिनला आणखी लांबवतो आणि कॅफिन शरीरात निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागत असल्याने रात्री ८ वाजता घेतलेल्या कॉफीचा बराच अंश १ वाजताही रक्तात असतो. खेड्यातून येणाऱ्याची झोप पहाटेच्या बाजूने तुटते, कारण घरची कामे आणि पहिली बस त्याच्या सोयीने थांबत नाहीत. त्याला 'मोबाइल बाजूला ठेव' एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे उत्तर
झोपेचा मुद्दा मान्य आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. मी रक्ततपासणीच्या कामात आहे आणि थकवा म्हटला की माझ्या मनात आधी रक्तक्षय येतो. १५ वर्षांवरील, गरोदर नसलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. अशा मुलीला जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडते आणि पूर्ण झोप घेऊनही तरतरी येत नाही. हा प्रश्न केवळ खेड्यातला नाही. वजन कमी करण्यासाठी जेवण टाळणाऱ्या शहरी मुलींमध्येही हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लागणाऱ्या लोहाची कमतरता निर्माण होऊ शकते. जेवणासोबत घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते.

तिसरे उत्तर
खेड्यातला विद्यार्थी आपोआप काटक असतो, हे गृहीतही आता तपासायला हवे, कारण दुचाकी आणि मोबाइल तिथेही पोहोचले आहेत. ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली जाते. दिवसभर बसून राहणाऱ्याला ती उत्साह देईल; मात्र जो आधीच श्रमाने दमलेला आहे, त्याला विश्रांतीच हवी.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. उद्यापासून मी प्रत्येकाला वेगळे बसवून झोपण्या-उठण्याच्या वेळा विचारेन, डोळे मिटतात की दम लागतो हेही विचारेन, आणि दम लागणाऱ्यांना आधी रक्त तपासून घ्यायला सांगेन.