शब्दचर्चा: एआय एजंटच्या ‘टूल’ला मराठीत काय म्हणावं? आणि त्याच्या ‘इव्हॅल्युएशन’ला?

प्रश्न, यवतमाळ जिल्ह्यातून
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकऱ्यांना उत्तरं देणारा एआय एजंट बसवतोय. बाजारभाव, आवक, गोदामातला साठा यांच्या एपीआय, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडून माहिती मागायच्या ठरलेल्या वाटा, आधीपासून आहेत. त्या एजंटला ‘टूल’ म्हणून वापरता याव्यात यासाठी प्रत्येकीची माहिती लिहून काढायची आणि मग तो त्या नीट वापरतो का ते तपासायचं, हे काम माझ्याकडे आलंय. अहवाल मराठीत हवा आहे. ‘टूल’ला अवजार म्हटलं की संचालकांच्या डोळ्यांसमोर फवारणीचा पंप येतो. ‘डॉक्युमेंटेशन’ला दस्तऐवजीकरण म्हटलं की दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातली रांग. मूल्यमापन तर नुसतंच सरकारी वाटतं. तुम्ही काय वापरता?

उत्तर, पुण्यातून, मूळ गाव वरुड
‘साधन’ घ्या. अवजार हातात धरावं लागतं, साधनाला ती अट नाही. डॉक्युमेंटेशनला मी साधं ‘वर्णन’ म्हणेन, कारण मॉडेलपुढे, म्हणजे एजंटच्या मेंदूपुढे, शब्दशः तेच जातं. आतला कोड त्याला दिसत नाही. दिसतं ते साधनाचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे मॉडेलला बाहेरची साधनं जोडायच्या ठरलेल्या पद्धतीतही, साधनाची ओळख अशीच दिली जाते. त्यामुळे हा कपाटात ठेवायचा कागद नव्हे. कोणतं साधन उचलायचं, हे एजंट दर वेळी त्यावरूनच ठरवतो.

उत्तर, अकोटहून
हो जी, पण ‘वर्णन’ म्हटलं का सातवीचा निबंध आठवते. नवा सालदार ठेवला त त्याले पयल्या दिवशी सांगा लागते, डवरा कुठी आहे, वखर कुठी आहे, कोन्त्या वावरात पानी सोडाचं नाई. मी त ‘समजावनी’ म्हनीन. अन् नावाचंही पाहा. साताऱ्याकडचा पाहुना डवऱ्याले कोळपं म्हन्ते, वखराले कुळव. त्याले समजावून सांगाचं असन त दोन्ही नावं सांगाच लागतात.

प्रश्नकर्ता
दादा, नावांचा मुद्दा आम्हाला चांगलाच महागात पडलाय. एका साधनाचं वर्णन आधीच्या माणसाने दोनच शब्दांत लिहिलं होतं: ‘दर देते’. एका शेतकऱ्याने विचारलं, ‘आज पऱ्हाटीले काय भाव?’ एजंटने रुईचा दर काढून दिला. रुईचा भाव खंडीवर असतो, खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, आणि उत्तरात एकक लिहिलेलंच नव्हतं. तो आकडा क्विंटलचा समजून माणसाने फोन केला, ‘गाडी भरू का?’ पऱ्हाटी म्हणजे झाड, कापूस म्हणजे सरकीसकट बोंडातून वेचलेला, रुई म्हणजे सरकी काढलेली. हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं, म्हणून कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

आता असं लिहिलंय: ‘बाजार समितीतल्या कापसाचा, म्हणजे सरकीसकट मालाचा, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रुपये प्रति क्विंटल देते. पऱ्हाटी किंवा कपाशीचा भाव विचारला तरी हेच वापरावे. रुईच्या खंडीसाठी वापरू नये. त्याचे साधन वेगळे आहे. तारीख न दिल्यास शेवटच्या लिलावाचा दर येतो. दिलेल्या तारखेला लिलाव झाला नसेल तर रिकामी यादी येते. याचा अर्थ दर शून्य असा नव्हे.’

उत्तर, पुण्यातून
शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. एपीआय जोडणाऱ्या प्रोग्रामरला रिकामी यादी एकदा बघून कळते. एजंट दर वेळी नवा सालदार! चूक झाल्यावर साधनाकडून येणाऱ्या संदेशांतही हेच पाहा. नुसता ‘चारशे, चुकीची विनंती’ असा सांकेतिक संदेश परत आला तर तो तीच चूक पुन्हा करतो. ‘बहार या रकान्यात आंबिया किंवा मृग यांपैकी एक द्या’ असं आलं तर पुढच्या खेपेला सुधारतो. ठरावीक पर्याय असतील तर ते आराखड्यातच बांधून टाकावेत, नाहीतर तो कधी आंबिया लिहील, कधी अंबिया.

उत्तर, हिंगणघाटहून
इव्हॅल्युएशनबद्दल बोलतो. ‘पारख’ सुचवणार होतो, पण पारखी माणूस नुसत्या नजरेने बघतो. बैलाचे दात पाहणं ही पारख झाली. घ्यायच्या आधी आपण त्याला जुंपूनही पाहतो. एपीआयचं वर्णन वाचून ‘छान आहे’ म्हणणं म्हणजे दात पाहणं. एजंटला खरे प्रश्न देऊन त्याने कोणतं साधन उचललं, त्यात काय भरलं, हे बघणं म्हणजे जुंपून पाहणं. माझं मत ‘जुंपून पाहणे’ला.

प्रश्न मात्र शेतकऱ्यांच्या तोंडचे घ्या. वर्णनातलेच शब्द उचलून प्रश्न रचले तर एजंट पास होणारच. काही प्रश्न असेही हवेत की कोणतंच साधन लागू पडत नाही. ‘उद्या पानी येईन का?’ विचारल्यावर त्याने आवकेचं साधन उचललं तर नापास. आणि एकच प्रश्न पाच-सात वेळा द्या, तो दर वेळी सारखाच वागेल असं नाही.

उत्तर, अकोटहून
अन् समजावनी बदलली का सारे जुने प्रश्न पुन्हा द्या. एक गोष्ट सुधराले गेलं का दुसरी बिघडते. काही प्रश्न मुठीतच ठेवजा, सुधारनी करताना पाहूच नका. नाईतं पेपर फुटल्यावानी होते.

प्रश्नकर्ता
हे मुठीतले प्रश्न आजच वेगळे काढतो. साधन आणि समजावणी मी घेतले. ‘जुंपून पाहणे’ आमच्या टेबलावर रुळलंसुद्धा. सकाळी पोरगा म्हणाला, ‘भाऊ, साठ्याचं साधन अजून जुंपाचं आहे.’ अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र ‘मूल्यमापन’च छापावं लागेल, सही साहेबांची आहे.