कुठला उंदीर, हे आधी विचारा

वर एकांनी लिहिलंय, की औषध उंदरांवर निर्धोक ठरलं की यकृताची काळजी मिटली. मला हे अजिबात पटत नाही. रॅट (मोठे उंदीर) आणि माईस (छोटे उंदीर) दिसायला भावंडं, पण त्यांची यकृतं फार वेगळी वागतात.

पॅरासिटामॉलच घ्या. परळला आमच्या प्रयोगशाळेत मी यकृताच्या काचपट्ट्या बघते. जबर डोस दिलेल्या माईसमध्ये मध्यशिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या असतात, ते फिकट कडं लगेच नजरेत भरतं. वजनाच्या हिशेबाने तेवढाच डोस दिलेल्या रॅटचं यकृत बरंचसं शाबूत. आणि माणूस या बाबतीत माईसच्या जवळचा! नुसत्या रॅटवर विसंबलो तर धोका कळणारच नाही.

अफ्लाटॉक्सिनचं नेमकं उलट. हे बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं, मक्यातलं विष. १९७४ साली राजस्थान-गुजरातेत त्याने शंभरावर माणसं दगावली. खाद्यात अब्जात १५ भाग असलं तरी रॅटला यकृताचा कर्करोग होतो, प्रौढ माईस मात्र तगतात. या विषापासून होणारं घातक संयुग, इपॉक्साइड, त्यांच्याही यकृतात बनतं, पण ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज या एन्झाइमचा एक प्रकार ते डीएनएला चिकटण्याआधीच निकामी करतो. रॅटमध्ये हे संरक्षण तोकडं, माणसातही.

तेव्हा मुंबईच्या पावसाळ्यात डब्यातल्या दाण्यांना बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या. भाजून ते विष पुरतं जात नाही.